'भिऊ नको' हे घाबरलेल्यालाच सांगतात ना?

पत्र (नाव, सेक्टर, मंडळीचं म्हणजे चर्चचं नाव काढलंय, थोडक्यात देतेय):

"मी ३७ वर्षांची, कोपरखैरण्याला राहते. मिस्टर ऐरोलीला आयटीत होते, चार महिन्यांपूर्वी एका कॉलवर नोकरी गेली. घराचा हप्ता ३४ हजार, माझा शाळेतला पगार २४ हजार. मुलगा सातवीत, सासूबाईंना शुगर. रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, हात बधिर होतात, वाटतं आता संपलं सगळं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले एन्झायटी आहे, सायकियाट्रिस्टना दाखवा. फेलोशिपमधल्या (प्रार्थनागटातल्या) एक सिस्टर म्हणतात विश्वास असेल तिथे भीती राहूच शकत नाही, गोळ्या घेणं म्हणजे देवावर संशय. एफडीतले ५० हजार विश्वासाचं बी म्हणून पेर, देव शंभरपट देईल असंही सांगतात. मिस्टरांनी भावांना, मंडळीत, कोणालाच सांगितलेलं नाही, सकाळी बॅग घेऊन निघतात. आणि पुढच्या महिन्यात महिला सभेत माझी साक्ष आहे, देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचंय! लहानपणापासून वचनं तोंडपाठ, पण रात्री एकही कामाला येत नाही. माझा विश्वास खोटा आहे का? की देव शिक्षा करतोय?"

सलाम बाळा.

तुला अगं-तुगं करतेय, चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली ती आधी सांगते. पूर्ण पत्रात तू हप्त्याबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि विश्वास कमी पडतोय याबद्दल जवळजवळ दोन पानं (वरती मी ती कापलीत). म्हणजे नोकरी गेल्याची भीती आहेच, पण त्या भीतीवर अजून एक भीती चढून बसलीय, की मी घाबरते म्हणजे मी खोटी ख्रिस्ती. ही दुसरी भीती तुला नोकरी गेल्यामुळे आलेली नाही, ती कोणीतरी आणून दिलीय, आणि मला विचारशील तर रात्री तीनला उठवणारी हीच असावी.

भीती आणि विश्वास एका घरात राहू शकत नाहीत हे कुठून आलं गं? बायबलमधलं, १ योहान ४ मधलं ते वाक्य, पूर्ण प्रीती भीती घालवून देते, ते काढून दाखवतात सगळे. पण ते आधीच्या ओळीपासून वाच, तिथे न्यायाच्या दिवसाबद्दल चाललंय, देव मला शिक्षा करेल या भीतीबद्दल. म्हणजे तू शेवटी जो प्रश्न विचारलास ना, देव शिक्षा करतोय का, ते वचन त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ७ तारखेला हप्त्यासाठी खात्यात पैसे नसतील तर काय, या भीतीवर ते लिहिलेलंच नाहीये.

आणि गेथशेमाने बाग आठव, क्रुसावर जाण्याच्या आदली रात्र. प्रभू येशू तिथे काय शांत बसला होता का? तो जमिनीवर पालथा पडला, मित्रांना म्हणाला माझा जीव मरणाएवढा कष्टी झालाय, थांबा माझ्यासोबत, जागे राहा. लूक तर म्हणतो घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. हा प्याला टळू दे, हे त्याने एकदा नाही, तीनदा मागितलं. आता त्याला कोण सांगणार की तुझा विश्वास कमी पडतोय! आणि मित्र? झोपले. (मंडळीतली माणसं झोपण्याची परंपरा बरीच जुनी आहे.)

ते व्हॉट्सअपवर फिरतं ना, 'भिऊ नको' हे बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, ते एकदा मी शब्दसूची घेऊन मोजायला बसले होते, निवृत्त झाल्यावर वेळच वेळ. तेवढं काही येत नाही. पण मोजताना दुसरंच दिसलं, की हे शब्द कोणाला सांगितलेत ते बघ. मरीयेला, देवदूत पाहून गोंधळली तेव्हा. मेंढपाळांना, रात्री शेतात थरथरत होते तेव्हा. शिष्यांना, नाव लाटांत सापडली आणि येशू पाण्यावरून चालत आला तेव्हा. जो घाबरलेला नाही त्याला कशाला कोण सांगेल भिऊ नको म्हणून? तुझा मुलगा लहान असताना रात्री दचकून उठला की तू म्हणायचीस ना, घाबरू नको, मी आहे इथे. तेव्हा तू त्याला ओरडत होतीस का? त्याने घाबरून तुझा अपमान केला असं वाटलं का? बायबलमध्येही कितीतरी वेळा 'भिऊ नको'च्या मागोमाग 'मी तुझ्याबरोबर आहे' येतं, यशया ४१ काढून बघ. आपण मागचा भाग गाळून पुढच्याचा हुकूम करून टाकलाय.

आता वचनं रात्री कामाला येत नाहीत त्याबद्दल. तू ती गोळीसारखी वापरतेयस, म्हटलं की धडधड थांबली पाहिजे, नाही थांबली की अजून एकदा, अजून जोरात, आणि मग धडधड अजून वाढते कारण आता परीक्षाही चालू झाली. शरीराचं काय होतं ते साधं आहे. धोका आहे असं मेंदूला वाटलं की अॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळतं, श्वास उथळ आणि भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हाताबोटांना मुंग्या येतात, बधिर वाटतं, चक्कर येते. हा सगळा प्रकार साधारण दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. तू ईसीजी काढलास ते फार बरं केलंस, छातीत दुखणं पहिल्यांदा झालं तर कोणीही ते एन्झायटी म्हणून सोडून देऊ नये, आधी हृदय तपासायचं. ते झालं की मग रात्री उठून बस, पाय जमिनीवर ठेव, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, आणि प्रार्थना करायचीच तर छोटी कर, देवा, मला ७ तारखेची भीती वाटतेय. बास. ५६ वं स्तोत्रही असंच आहे, मला भीती वाटेल *तेव्हा* मी तुझ्यावर भाव ठेवीन, भीती गेल्यावर ठेवीन असं नाहीये. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव प्लीज, रात्री तीनला लिंक्डइन बघून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

स्तोत्रं वाचायचीच असतील तर फक्त २३ आणि ९१ नको. १५० पैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं रडगाणी आहेत, मुद्दाम हा शब्द वापरतेय. १३ वं बघ, किती काळ, परमेश्वरा, किती काळ, चार वेळा विचारलंय. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे तक्रार करणं हीसुद्धा प्रार्थनाच धरलीय.

गोळ्यांचं. एलिया संदेष्टा आठवतोय? कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच ईजबेल राणीच्या एका धमकीच्या निरोपाने पळत सुटला, रानात झाडाखाली बसून म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय केलं, झापलं? वचन पाठ करायला लावलं? आधी झोपू दिलं. मग देवदूताने उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. परत झोपू दिलं. परत भाकर. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. मला हा अध्याय, १ राजे १९, फार आवडतो कारण इथे देव पहिल्यांदा शरीराकडे बघतो. आणि लूक वैद्य होता, पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (त्यातला 'थोडा' काहीजण विसरतात), तुझ्या सासूबाईंची शुगरची गोळी बंद करा असं त्या सिस्टर म्हणाल्यात का? नाही ना. मग मेंदू शरीराच्या बाहेर असतो का?

आपल्याकडे आणखी एक अडचण, ठाण्याचं नाव. प्रादेशिक मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे, त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा जोक झालाय, आणि तोच जोक ऐकत मोठी झालेली माणसं सायकियाट्रिस्ट म्हटलं की दचकतात. त्याच ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय हे सांगायला मात्र कोणी जोक करत नाही. जा तू, मिस्टरांना घेऊन जा. गोळी द्यायची की फक्त बोलून भागेल ते डॉक्टर ठरवतील, काही गोळ्यांचा असर दिसायला दोन-चार आठवडे लागतात तर चौथ्या दिवशी सोडू नको, आणि बंद करायची तरी त्यांनाच विचारून. पैशांची अडचण असेल तर सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवता येतं. रात्री अगदीच सहन होईना किंवा जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. हा नंबर हे वाचणाऱ्या प्रत्येकाने सेव्ह करा.

आता ते ५० हजार. इथे मी थोडी चिडणार आहे, आधीच माफी.

देऊ नको.

अर्पणाच्या विरोधात मी नाही, माझी आई दशांश (कमाईचा दहावा भाग) वेगळ्या डब्यात ठेवायची, घरात तेल नसलं तरी. पण 'पेर म्हणजे शंभरपट मिळेल' हे अर्पण नव्हे, ही स्कीम आहे, आणि आपल्या भागात चिटफंडात बुडालेल्या माणसांना स्कीम कशी दिसते ते सांगायला नको. ते लोक विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सांगतील, जवळ होतं तेवढं सगळं तिने मंदिरात टाकलं ती, तेव्हा तू त्यांना लूक २१ च्या जरा वरचं वाचायला सांग. २० व्या अध्यायाच्या शेवटी येशू म्हणतो, शास्त्र्यांपासून सांभाळा, ते विधवांची घरं गिळंकृत करतात, आणि लगेच पुढे ती बाई येते. लेखकाने त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात त्या उगाच का? आणि ९१ वं स्तोत्र, जे आपण सगळेच भीती वाटली की म्हणतो, ते येशूला मोहात पाडायला कोणी ऐकवलं माहितीये? सैतानाने. मंदिराच्या टोकावर उभं करून, टाक उडी, देवदूत झेलतील, असं लिहिलंय ना. येशू म्हणाला देवाची परीक्षा पाहू नको. घराचा हप्ता डोक्यावर असताना एफडी मोडून देवाने झेलण्याची वाट बघणं हे मला त्या उडीसारखंच वाटतं. पौल करिंथकरांना साफ लिहितो, जे आहे त्याच्या मानाने द्या, नाही त्याच्या मानाने नाही. तुला द्यायचंच असेल तर रविवारी २० रुपये टाक, मनापासून.

ती एफडी तुमची दीड महिन्याची शांत झोप आहे. तिच्यासोबत बाकीचंही एका कागदावर लिहून काढा, दोघांनी, दिवसा. रात्री आकडे फार मोठे दिसतात. ग्रॅच्युइटी (पाच वर्षं झाली असतील तर), कंपनीकडून यायचं राहिलेलं, पीएफमधून सध्याच्या नियमात किती काढता येतं ते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला असणार, सासूबाईंसाठी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का ते लगेच विचारा, उशीर झालाय पण विचारा. (नोकरी आत्ता जाणार असं ज्यांना दिसतंय त्यांनी शेवटच्या दिवसाच्या आधीच विचारायचं.) आणि बँकेत जा. हप्ता बाउन्स होण्याआधी जा, मॅनेजरला लेखी द्या, नोकरी गेलीय, मुदत वाढवून हप्ता कमी होईल का, काही महिने सवलत मिळेल का. देतीलच असं नाही, पण आधी जाणाऱ्याशी बँक वेगळं बोलते. तुझ्या डोक्यात रात्री तीनला जे चित्र येतं ना, एक हप्ता चुकला की दारावर सील, तसं होत नाही. ९० दिवस थकल्यावर खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग पुढचं. वेळ आहे असं सांगून मी तुला आळशी करत नाहीये, फक्त तो सैतान नक्की किती उंच आहे ते मोजून दाखवतेय. मोबाईलवरच्या झटपट लोन अॅपकडे बघायचंसुद्धा नाही, आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

कोणी म्हणेल उद्याची चिंता करू नका असं लिहिलंय आणि ही बाई कागद-पेन्सिल घेऊन बसवतेय. अगं, योसेफाने सात वर्षांचं धान्य कोठारात भरलं, त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. पंडिता रमाबाईंनी तर स्वतःच्या तरुणपणी दुष्काळात आई-वडील गेलेले पाहिले होते, भीती काय असते हे त्यांना आपण शिकवायला नको, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकड्यांनी मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना व्हायचीच, पण तिथे विहिरीही खणल्या आणि शेतीही केली. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, ती मागून झाल्यावर पीठ मळायला उठावंच लागतं.

मिस्टरांवर येते. सकाळी बॅग घेऊन निघतात, जातात कुठे? वाशीच्या मिनी सीशोरला बसतात? मॉलमध्ये? मला ते वाचून माझे वडील आठवले. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते, ऐंशीच्या दशकात तिला टाळं लागलं. तीन महिने ते डबा घेऊन निघायचे आणि तलावपाळीला बसून डबा खाऊन परत यायचे, आम्हा मुलांना वाटायचं बाबा कामावर जातात. चर्चला यायचे बंद झाले. एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा आईने उभं राहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत! तिसऱ्या दिवशी एकजण तांदूळ घेऊन आले, एकजण नुसतेच आले आणि पत्ते खेळत बसले, आणि मग दर शनिवारी येत राहिले. त्यातून नोकरी लागली का? नाही. ती अकरा महिन्यांनी लागली, कमी पगाराची, दुसरीकडूनच. पण बाबा घरात परत हसायला लागले ते त्या पत्त्यांपासून, हे मला नक्की आठवतं.

आईने केलं तसं तू कर असं मी म्हणत नाही, त्यांना न विचारता तर नकोच, तो त्यांचा मान आहे. पण त्यांना विचार तरी, एका माणसाला सांगूया का, एकच. भाऊ चालेल, पाळकसाहेब (चर्चचे पास्टर) चालतील, जुना कलीग चालेल. आणि पाळकसाहेबांना सांगायचं असेल तर त्यांचं ऐकून बघ, ते आधी काय विचारतात, जेवलात का, की दशांश देता का, त्यावरून तुला कळेल ती मंडळी अशा वेळी टेकायला कामाची आहे की नाही. नसली तर दुसरी शोधायला पाप लागत नाही. त्या सिस्टरशी भांडू नको मात्र. मला दाट शंका आहे की त्यांनाही रात्री झोप येत नसावी, म्हणून त्या इतक्या मोठ्याने बोलतात.

साक्षीचं काय करायचं? दोन मार्ग आहेत. पुढच्या वेळी देते म्हणून सांगायचं, त्यात काही लाज नाही. किंवा उभं राहायचं आणि जे आहे तेच सांगायचं, मी अजून मधेच आहे, शेवट मला माहीत नाही, मला रात्री भीती वाटते आणि मी तरी देवाशी बोलते. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आहे, मुलाला बरं कर म्हणून आलेला, तो येशूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर, दोन्ही एकाच वाक्यात. येशूने त्याला रांगेतून बाहेर काढलं नाही, मुलगा बरा केला. मला विचारशील तर दुसरं कर, कारण त्या हॉलमध्ये अजून तीन-चार बायका तरी असतील ज्यांचे नवरे बॅग घेऊन निघतात. पण घाई नाही, मिस्टरांची परवानगी असेल तरच, आणि तोपर्यंत डॉक्टरांकडे एक चक्कर झालेली असू दे.

एक राहिलं. तू लिहिलंयस रात्री उठते तेव्हा मिस्टर शांत झोपलेले असतात, त्यांना उठवायला नको म्हणून तू आवाज न करता रडतेस. चार महिने नोकरी नसलेला, घरच्यांपासून लपवणारा माणूस रोज रात्री तीनला शांत झोपलेला असतो यावर माझा विश्वास नाही बाळा. आज रात्री उठलीस की हळूच विचार, अहो, जागे आहात का. आणि हो म्हणाले तर लाईट लाव, चहा टाक, दोन कप.